त्याचं त्याला

प्रिय आत्ती,

उद्या सकाळी मी आणि गिरिजामावशी मालवणला निघतोय. पिशवी भरून झाली आहे. तुझा शंख माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळून सगळ्यात वर ठेवलाय, आणि तो द्यायचा कुणाला, हेच मला अजून कळलेलं नाही. म्हणून दुपारची कामं बाजूला सारून तुला लिहायला बसले आहे. हसशील तू. समोरासमोर बसून विचारायचं राहिलं ते आता कागदावर विचारतेय ही!

पण तू बोललीसच असं, की मी तरी काय करू?

"त्याचं त्याला देऊन टाक."

तुझ्या तोंडून सबंध बाहेर पडलेलं ते शेवटचं वाक्य. श्रावणातली सकाळ होती आणि तुझा हात खिडकीकडे वळला होता. खिडकीत काय काय होतं! औषधाच्या बाटल्या, चष्म्याचं घर, पाण्याचा तांब्या आणि शंख. मी वाकून विचारलं, "शंख का आत्ती? शंख द्यायचा?" तू मान हलवलीस. आता आपल्या घरातली मान तुला ठाऊकच आहे. हो म्हणतानाही तशीच हलते, नाही म्हणतानाही तशीच. अप्पांची तशी, त्यांची बहीण म्हणून तुझी तशी, माझीही तशीच! थोड्या वेळानं तू "पाणी" म्हणालीस. मी चमच्यात पाणी घेऊन आले, तर तू ओठ घट्ट मिटून घेतलेस.

दुसऱ्या दिवशी तू गेलीस. आणि ते वाक्य माझ्या गळ्यात राहिलं.

कुणाचं, आत्ती? कुणाला?

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत बसले, की आत्ती शंख कुणाला तरी द्यायला सांगून गेलीय. प्रत्येकाला त्यातून वेगळंच ऐकू आलं. आपल्या जैन बस्तीतल्या सुनंदाकाकू म्हणाल्या, "अगं, त्यात काय अवघड हाय? पाठशाळेचा हाय तो. पोरांस्नी देऊन टाक म्हणत्यात बाई. आपण काचेच्या कपाटात ठिवू, खाली नाव लिवू."

याच का त्या सुनंदाकाकू? ज्यांनी तुला बस्तीच्या पायरीवर अडवलं होतं? "बाई, जिवाचं हाड हाय ते. देवळात कुठं आणताय?" तू वाद घातला नाहीस. दर रविवारी पाठशाळेच्या पोरांना तू बाहेरच्या कट्ट्यावर बसवलंस, पण शंख सोडला नाहीस.

मला तो कट्टा अजून दिसतो. मी तुझ्या पाठशाळेत होते तेव्हाही हाच शंख होता. मोठ्या लिंबाएवढा. वरून मळकट तपकिरी, मध्येच हिरवट, वेटोळं घालत टोकाला गेलेला. आणि तोंड केवढं गोल! आत बघितलं की मोत्यासारखं चमकायचं. तुझी एक लहानशी डबी होती, त्यात त्याचं झाकण असायचं. एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगलेलं, मधोमध हिरवं. अगदी डोळ्यासारखं. तू ते तोंडावर बसवायचीस आणि विचारायचीस, "ह्याला इंद्रियं किती?"

"दोऽन!"

"कुठली?"

"स्पर्शन आणि रसना!"

"ह्याला दिसतंय काय?"

"न्हाऽय!"

"ऐकू येतंय काय?"

"न्हाऽय!"

"मग त्याच्या अंगावर पाय पडाय लागला तर त्यानं काय करायचं?"

उत्तर तूच द्यायचीस, "त्याला काय करता येत न्हाय. म्हणून बघून आपण चालायचं." एकदा कुणीतरी विचारलं होतं, "बाई, हे कुठनं आणलं?" आणि तू म्हणालीस, "आणलं कुठलं? ते माझ्याकडं ऱ्हायला आलंय." आम्ही खूप हसलो होतो. मला वाटायचं, वाळूवर पडलेलं रिकामं घर कुणीतरी उचलून आणलंय. तसंच वाटत राहिलं. अप्पा गेल्यावर तू माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा ट्रंकेबरोबर शंखही आला. मी त्याच्यावरची धूळ पुसत होते इतकी वर्षं, आत्ती! कधी विचारलं नाही, आणि तूही कधी नीट सांगितलं नाहीस.

हे मात्र मला खटकतं. माझ्या बाळंतपणात तू माझ्याशी काय काय बोललीस! आईबद्दल, अप्पांबद्दल, तू लग्न का केलं नाहीस त्याबद्दलसुद्धा. आणि खिडकीत बसलेल्या एवढ्याशा वस्तूबद्दल अवाक्षर नाही?

माझ्या ऋताचा तो दिवस आठवतो? कॉलेजात प्राणिशास्त्र घेतल्यापासून तिला जे दिसेल त्याचं नाव हवं असायचं. तिनं तुझा शंख फोनवर दाखवून शोधला आणि ओरडली, "आजी, हा शंख नाहीच! ही समुद्रातली गोगलगाय आहे. टर्बन स्नेल. टर्बन म्हणजे फेटा!"

तू चष्मा लावून शंख हातात धरलास, फिरवून फिरवून बघितलास. खरंच की, अगदी फेटा. एकावर एक पीळ, वर टोक.

"मग कोल्हापूरचाच म्हणायचा की गं," तू म्हणालीस. "नवरदेव! फेटा बांधून गप बसलंय, वरात कवा निघायची म्हणून!"

आम्ही तिघी पोट धरून हसलो. हसता हसता ऋता म्हणाली, "आणि आजी, तुझा पाठशाळेतला धडा चुकतोय बघ. याला डोळे असतात. शिंगांच्या बुडाशी, अगदी बारीक. चित्र वगैरे दिसत नाही, पण उजेड आणि अंधार कळतो."

मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. शास्त्र आणि फोन यांच्या मध्ये पडायची माझी छाती नव्हती. पण तू रागावली नाहीस. तू विचारलंस, "अंधार कळतो?"

"हो."

"डब्यात घातलं तर कळंल?"

"कुठल्या डब्यात?"

"काय न्हाय. जा, चहा टाक."

त्यानंतरच्या रविवारी तू पाठशाळेला निघालीस तेव्हा शंख खिडकीतच होता. मी म्हटलं, "आत्ती, विसरलीस." तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे." पुन्हा तू तो नेला नाहीस. मला वाटलं, धडा खोटा ठरला म्हणून मन उतरलं असेल. केवढं सोपं उत्तर काढलं मी!

तू गेल्यावर, नाव सापडेना म्हणून, मी आठवत बसले. एकच आठवलं. कधीतरी तू म्हणाली होतीस, "तो आमच्या सहलीतला. गिरिजा होती बरोबर." बस्स, तेवढंच. मग शंख त्यांचाच असणार! तुझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या गिरिजाबाई, आता कबनूरला मुलाकडे असतात, गुडघ्यांमुळे तुला बघायला येऊ शकल्या नव्हत्या. फोनवर रडल्या होत्या, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. त्यांना शंख नेऊन दिला की सुटले, असं धरून मी कबनूर गाठलं.

खाली मुलाचे यंत्रमाग, वर घर. अख्खं घर खटखटत होतं, कपाटातली भांडीसुद्धा. मावशी कॉटवर बसलेल्या, लिंगाचा डबा गळ्यात, पाय पुढे पसरलेले. मी ओढणी सोडली आणि म्हटलं, "मावशी, हे तुमचं. आत्तीनं परत द्यायला सांगितलंय."

"माझं?" मागांच्या आवाजावरून त्या ओरडल्या. "माझं कुठलं गं यव्वा! मला कशाला देतीयास? मी घेते व्हय ते?"

"मग कुणाचं?"

"बस तरी आधी! लांबनं आलीयास, आन् उभ्या उभ्या कोर्टागत विचारतीयास!"

मी बसले. त्यांनी शंख हातात घेतला नाही. कॉटवर ठेव म्हणाल्या, आणि लांबूनच बघत राहिल्या. "अजून ठेवलंतं तिनं हे? मला वाटलं, कवाच टाकलं आसंल." तेवढ्यात लाइट गेली. खालचे माग एकदम थांबले. घर शांत झालं, पण मावशींचा आवाज काही उतरला नाही. मला जे कळायचं होतं ते त्या निवांत घरात त्यांनी ओरडूनच सांगितलं.

"तुझ्या आत्तीनं हे जितं घेटलंतं."

"जिवंत?"

"जितं म्हंजे जितं! मालवणला गेलतो आमी, सातवीच्या पोरी घिऊन. तू तवा रांगत असशील. सांजच्या वक्ताला पोरी बाजारात काजू घ्याय लागल्या. आन् ही तुझी आत्ती, पद्मक्का, कुठं? तर मासळीवालीच्या म्होरं! ती जैनाची, मी लिंगायताची. दोघी मासळी बाजारात, नाकाला पदर लावून! टोपलीत हे एकलंच हुतं, बाकी समदं मेलेलं. त्येनं दार असं जरासं उघडलं, आन् झाकलं. तेवढंच बघितलं हिनं. झालं! म्हणली, ह्ये मी घेणार."

"खायला नाही म्हणून हसली असेल ती मासळीवाली."

"हसली म्हंजे! 'खावक नाय तर घेतास कित्याक?' ही म्हणती, 'सोडाय.' समदा बाजार हसला आमाला."

अभयदान! कसायाच्या दारातली बकरी सोडवून आणतात, पारध्याच्या पिंजऱ्यातली पाखरं सोडवतात, तसं तू मालवणच्या बाजारातून एक गोगलगाय सोडवलीस. हे ऐकताना मला किती अभिमान वाटला तुला सांगू? मी हसतसुद्धा होते. मावशी हसत नव्हत्या.

"मग सोडली का नाही तिथंच? समुद्र जवळच की!"

"अंधार पडाय लागलाता. अंधारात पोरी कोण मोजणार? हेडमास्तर शिट्टी मारून मारून लाल झालेलं. म्हटलं, सकाळी सगळ्यास्नी किनाऱ्यावर न्यायचंच हाय, तवा सोडू. माझा जेवणाचा डबा घेटला तिनं. परत न्हाय दिला बघ अजून!" एवढंच म्हणताना त्या जरा हसल्या. "लॉजच्या नळाचं पाणी घेटलं. फडक्यातनं गाळलं. एकदा न्हाय, दोनदा. मग थंड हाय का बघितलं. आन् त्यात ह्येला ठेवलं. म्हणली, बाजारात घाणीत पडलंतं, आता तरी चांगलं पाणी मिळू दे."

"मावशी, पण ते समुद्रातलं..."

"मी म्हटलं तिला, अगं, ते खाऱ्या पाण्यातलं..." मावशी थांबल्या. "न्हाय. कशाला खोटं बोलू? म्हटलंच न्हाय मी काय. मला तरी कुठं कळत हुतं? पाणी म्हंजे पाणी!"

सकाळी एका मुलीला ताप भरला म्हणे. किनारा राहिला, बस थेट घाटाला लागली. तू डबा मांडीवर धरून बसलीस. गगनबावड्याला चहाला थांबलात तेव्हा धुकं इतकं होतं, की समोरचं माणूस दिसेना. तू तिथं डबा उघडलास.

"दार उघडं पडलंतं त्येचं," मावशी म्हणाल्या. "तिला वाटलं, बरं वाटाय लागलंय. मला हाक मारली की गं! 'गिरिजा, ये, बघ, उघडलंय!' एवढी खूश झालती. मग तिनं बोट लावलं."

मावशींनी स्वतःचं बोट पुढे करून दाखवलं.

"हाललं न्हाय. तिथंच एका झाडाबुडी माती उकरून आतलं ठेवलं तिनं. आन् हे वरचं आन् ते दार पदरात बांधून आणलं. कुणाला सांगू नको म्हणून माझा हात घेटला हातात. मी न्हाय सांगितलं. आमच्या मालकांस्नीबी न्हाय. आता तीच न्हाय, तर कुणापास्नं लपवू?"

लाइट आली. माग पुन्हा सुरू झाले, आणि त्यानंतर मावशी काय बोलल्या ते मला नीट ऐकू आलं नाही. मी हो हो करत राहिले.

येताना सगळ्या वाटेवर मी तुझ्याशी भांडत होते, आत्ती. खरंच भांडत होते. कारण ज्या चुकीबद्दल तू आम्हाला लहानपणापासून सावध करत होतीस, तीच तुझ्या हातून कशी झाली?

जिवाणी! गावाकडच्या विहिरीवर तू मला हात धरून शिकवलंस. पाणी गाळून झालं, की फडकं उलटं करायचं. त्यावर अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव हलक्या धारेनं लोटीत घ्यायचे आणि त्याच विहिरीत सोडायचे. वरून टाकायचे नाहीत, दोरीनं लोटी पाण्याला टेकवायची. मी कंटाळून शेजारच्या हौदात ओतायला निघाले तर तू ओरडलीस, "ह्या पाण्यातला जीव त्या पाण्यात मरतो!" मी केवढीशी होते, तरी माझ्या लक्षात राहिलं. नळाला पंचगंगेचं पाणी येतं म्हणून कळल्यावर तू लोटी घेऊन नदीकडे निघायचीस, आणि अख्खा कसबा बावडा तुला हसायचा. मी पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं तर तू त्याच्याही तोटीला फडकं बांधलंस!

ह्या पाण्यातला जीव त्या पाण्यात मरतो. तुला माहीत होतं! मग त्या लॉजवर, तो डबा भरताना, एकदाही आठवलं नाही? की तेव्हा माहीत नव्हतं, आणि विहिरीवर माझ्यावर ओरडलीस ती त्यानंतरची? मी रांगत होते म्हणतात मावशी. म्हणजे विहिरीवरचं नंतरचंच. तुझा तो आवाज! मला तेव्हा वाटलं होतं, एवढं काय चिडायचं त्यात?

मला काही समजेनासं झालंय. तू त्याला सगळ्यात चांगलं दिलंस. तुझ्याकडे जे सगळ्यात स्वच्छ होतं ते दिलंस, दोनदा गाळून. आणि त्यानंच ते गेलं. याला काय म्हणायचं? हिंसा? तू स्वतः काय म्हणत होतीस मनात? सांजेला सामायिक करायला बसायचीस, डोळे मिटून ध्यान लावून, तेव्हा हे यायचं का समोर?

घरी येऊन मी ऋताला विचारलं. विचारायला नको होतं. ती म्हणाली, "मम्मी, ती दार लावून बसते ना, आतलं थोडं पाणी धरून. ओहोटीला खडकावर तशीच तर राहते. नुसत्या ओल्या फडक्यात ठेवली असती तर एक रात्र कदाचित निघाली असती." कदाचित म्हणाली ती, नक्की नाही. पण तुझ्याकडे फडकं होतं! पाणी गाळायचं, ओलं झालेलं, हातातच होतं.

आणि मग मला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं.

त्याचं त्याला. आत्ती, शंख तो. तुला शंख म्हणायचा असता तर तू "त्याचा त्याला" म्हणाली असतीस. तू तर आयुष्यभर चौथीच्या पोरांचं लिंग-वचन तपासलंस. "ते चहा" म्हटलं तर पाहुण्यांसमोरही टोकायचीस. तू चुकणार नाहीस. तू त्याचं म्हणालीस. त्याचं काय? आणि थोड्या वेळानं तू म्हणालीस, पाणी.

मी तुला पाणी पाजायला आले, आत्ती. तू ओठ मिटून घेतलेस.

ते तुझ्यासाठी नव्हतंच का? एकच वाक्य होतं का ते? त्याचं पाणी त्याला देऊन टाक, एवढं बोलायला तुला तेवढा वेळ लागला होता का? आणि मी मधेच चमचा घेऊन आले?

असं ठरवते. आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, कशावरून? तुला नुसती तहान लागली असेल. तहान लागलेल्या माणसाला गिळवलं नाही तर ते ओठ मिटतंच. आणि मराठीत नपुंसकलिंगी शब्दांना काय तोटा आहे? घर म्हणाली असशील. झाकण म्हणाली असशील. किंवा तुला शंख आठवतच नसेल, तू शाळेतल्या कुणाचं तरी पुस्तक परत करत असशील. शेवटच्या आठवड्यात तू मला दोनदा गिरिजा म्हणालीस, एकदा आई म्हणालीस. मी कशावर भरवसा ठेवू?

मावशींना फोन केला. पाण्याचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "चल. आपण जाऊ मालवणला."

"मावशी, तुमचे गुडघे..."

"गुडघं गेलं खड्ड्यात! तिनं हात घेटला हुता माझा. मी येणार."

तर असं ठरलं. पण जाऊन करायचं काय, यावर कुणाचंच एकमत नाही. मावशी म्हणतात, झाकण पाण्यात सोड आणि शंख तुझ्याजवळ ठेव, तेवढीच तिची आठवण. ऋता म्हणते, शंखच सोड, रिकाम्या शंखात एखादा खेकडा राहायला येईल, त्याला घर मिळेल. हे मला फार आवडलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "पण झाकण त्याच्या उपयोगाचं नाही हं. ते फक्त तिचंच." आणि सुनंदाकाकूंचा आज सकाळी फोन आला. कपाट रंगवून झालंय. मी म्हटलं, "काकू, आत्तीची इच्छा वेगळी होती, कदाचित कपाटात ठेवायला शंख नसेल." त्या म्हणाल्या, "आत्तींची तशी इच्छा असंल तर आमी कोण बोलणार? तसं सगळ्यास्नी सांगते."

आत्तींची इच्छा! तू गेल्यापासून हे दोन शब्द मी किती वापरले. कपाटाला नाही म्हणायला तेच, मावशींचं दार वाजवायला तेच, उद्याची रजा मागायलासुद्धा तेच. कुणी पुढे विचारत नाही. तुझी इच्छा म्हटलं की माझी सुटका होते. आणि खरं काय, तर तुझी इच्छा मला ठाऊक नाही. एक अर्धं वाक्य, एक शब्द आणि कशीही हलणारी मान, एवढंच माझ्याकडे आहे.

तूही असंच केलं असतंस का? "शास्त्रात सांगितलंय" म्हणून त्या डब्याचं ओझं शास्त्रावर टाकता आलं असतं तुला. "मला काय माहीत, पाणी म्हणजे पाणी" असं म्हणता आलं असतं. पण तू ते खिडकीत ठेवलंस, रोज दिसेल असं. कुणाच्या माथी मारलं नाहीस. गिरिजामावशीला नाही, हेडमास्तरांना नाही, तापानं फणफणलेल्या त्या पोरीला तर नाहीच. मला तुझा राग येतो, आत्ती, की तू हे एकटीनं सोसलंस. आणि त्याच रागात मला तुझ्यासारखं व्हावंसं वाटतं. यातलं खरं कुठलं ते मला विचारू नकोस.

उद्या मी पाण्यात उतरेन. मावशी काठावर बसतील आणि तिथूनही ओरडतील. मी शंख पाण्याखाली धरेन, झाकण त्याच्या तोंडावर बसवून. त्यात समुद्राचं पाणी भरू देईन. मग काय करेन, ते मला आत्ता माहीत नाही. सोडेन, किंवा परत आणेन. झाकण सोडेन आणि शंख आणेन, किंवा दोन्ही मुठीत घट्ट धरून रडत बसेन. आणि कदाचित तुला नुसती तहानच लागली असेल, आणि हे सगळं माझ्याच मनाचं असेल.

पण एक वचन देते. जे करीन ते मी केलं म्हणून सांगेन. सुनंदाकाकू विचारतील, रविवारी पाठशाळेतली पोरं विचारतील, ऋता विचारेल. "आत्तींनी सांगितलं होतं" असं यापुढे मी कुणालाही म्हणणार नाही. तुझ्या तोंडी एक शब्दसुद्धा घालणार नाही. चुकलं तर चूक माझी, माझ्या नावावर.

तुझी,
वैशाली